बोळ अरुंद होताना : शेजारचे वाढीव बांधकाम आणि आपल्या भिंतीची ओल

घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतर बांधकामांचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर शेजारच्या बांधकामाविषयीची पत्रेही येऊ लागतात. या वेळी ओलीसंबंधीची चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राला दिलेले उत्तर लांबले आहे, कारण ते पत्र वेळेवर आले आहे; बाकीची बहुतेक पत्रे भिंत उभी राहिल्यानंतर येतात.

प्रश्न : आमचे घर वडिलांनी सुमारे पन्नास वर्षांपूर्वी बांधलेले, जांभ्याच्या भिंतींचे आणि कौलारू आहे. पश्चिमेला शेजाऱ्यांचे घर असून मध्ये साडेचार फुटांचा बोळ आहे. मोजणीप्रमाणे त्यातील दीड फूट आमची आणि तीन फूट त्यांची. आमच्या छपराच्या पागोळ्या याच बोळात, आमच्या हद्दीत पडतात. शेजारी आता हद्दीपर्यंत दोन मजली स्लॅबचे बांधकाम करणार आहेत. संबंध चांगले आहेत आणि ते तसेच राहावेत अशी आमची इच्छा आहे. आमच्या या भिंतीला आजवर ओल आलेली नाही. ती पुढेही येऊ नये यासाठी आता काय करावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ओलीवरचे जे उपाय बांधकामाच्या आधी एका संध्याकाळच्या बोलण्यात ठरतात, त्यांतले कित्येक नंतर पैसे मोजूनही करता येत नाहीत, कारण भिंतीच्या त्या अंगापर्यंत गवंड्याचा हातच पोहोचत नाही. तेव्हा शेजाऱ्यांचा पाया खणला जाण्यापूर्वीच त्यांच्याशी बोलावे. काय बोलावे हे ठरवण्यासाठी मात्र आपली भिंत आजवर कोरडी का राहिली, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

जांभा सच्छिद्र दगड आहे. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या कोकणात तो पावसाळाभर पाणी शोषतो, यात शंका नाही. तरीही जुनी घरे टिकली, कारण वळचण पुढे काढलेली असे, जोते उंच असे आणि भिंतीला चारही बाजूंनी वारा लागत असे. पावसाने उघडीप दिली की भिंत वाळायला लागे. भिंत भिजण्याचा आणि वाळण्याचा हा ताळमेळ आपल्याकडे पन्नास वर्षे टिकलेला आहे. शेजारी दोन मजले उभे राहिले की दुपारनंतरचे ऊन जाईल आणि बोळातला वारा मंदावेल. नव्या बांधकामातून एक थेंबही गळला नाही तरी आपली भिंत पूर्वीपेक्षा अधिक काळ ओली राहू शकेल, ती यामुळे. आपल्याकडे ओलीचा विचार म्हणजे गळतीचा विचार, असे समीकरण झालेले आहे. ते अपुरे आहे. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झड यापुढे त्यांच्या भिंतीवर बसेल आणि आपली पश्चिमेची भिंत तिच्यापासून बरीचशी वाचेल. म्हणजे वरून आणि समोरून येणारे पाणी नीट वळवले आणि बोळातला वारा चालू ठेवला, तर हे बांधकाम आपल्याला हानिकारकच ठरेल असे नाही.

आता बोळाच्या रुंदीविषयी. शेजाऱ्यांनी हद्दीवर भिंत घेतली, तर मध्ये फक्त आपली दीड फूट जागा उरेल. इतक्या जागेत माणूस आडवा होऊन शिरू शकतो, पण थापी चालवू शकत नाही. दोन घरांमधली जागा एक तर माणसाला उभे राहून काम करता येईल एवढी असावी, नाही तर ती वरून पक्की झाकलेली असावी. मधल्या मापाच्या फटी सर्वांत त्रासदायक असतात. त्यांत विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि पालापाचोळा साठतो, त्यावर पाणी तुंबते, उंदीर-घुशी वस्ती करतात आणि सफाई कोणालाच करता येत नाही.

येथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, आणि ती शेजाऱ्यांच्या लक्षात बहुधा आलेली नसेल. त्यांच्या नव्या भिंतीला बाहेरून गिलावा करायचा असेल, तर परांची आपल्याच जागेत बांधावी लागणार. गिलावा केला नाही, तर उघड्या विटांतून आणि सांध्यांतून पाणी त्यांच्याच खोलीत उतरणार. चिपळूणच्या पावसात असे होण्यास दोन पावसाळेही लागत नाहीत. म्हणून त्यांना असे सुचवून पाहावे की त्यांनी हद्दीपासून आणखी दीड फूट आत भिंत घ्यावी, म्हणजे मध्ये तीन फुटांचा मोकळा बोळ राहील आणि दोन्ही भिंतींचा गिलावा, रंग आणि दुरुस्ती आज व पुढेही करता येईल. भिंत चोवीस फूट लांब धरली, तर त्यांचे प्रत्येक मजल्यावर छत्तीस चौरस फूट जातील. हे नुकसान लहान नाही, पण वीस वर्षे गिलावा न करता येणाऱ्या भिंतीचा खर्च त्याहून मोठा आहे. याशिवाय नगरपरिषदेने मंजूर केलेल्या नकाशात बाजूला किती अंतर सोडलेले दाखवले आहे, तेही पाहावे. जुन्या दाट वस्तीसाठी आणि नव्या वसाहतींसाठी या अंतराचे नियम वेगवेगळे आहेत. शेजाऱ्यांकडे नकाशाची प्रत सरळ मागावी. चांगल्या संबंधांत ती मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

ते हद्दीवरच भिंत घेण्यावर ठाम राहिले, तरी आपली दीड फूट जागा मलब्याने भरून वर कोबा करून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. असा भराव पाणी धरून ठेवतो आणि वर्षभर आपल्या भिंतीला पाजत राहतो. जागा मोकळी ठेवावी, दोन्ही टोकांना जाळीचे दार लावावे म्हणजे वारा वाहील आणि कचरा टाकला जाणार नाही, आणि गिलाव्यासाठी परांची बांधू देण्याच्या बदल्यात पुढे सांगितलेल्या गोष्टी शेजाऱ्यांकडून मान्य करून घ्याव्यात.

पहिली आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट जमिनीच्या पातळीची आहे. जांभ्याच्या जुन्या घरांत जोत्यावर ओलरोधक थर, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात, तो बहुधा नसतो. जोत्याची उंची हेच तेथे ओलीविरुद्धचे संरक्षण असते. राष्ट्रीय इमारत संहितेने जोते आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे असे म्हटले आहे. बांधकाम सुरू झाले की पायातून निघालेली माती बोळात पडते, तिच्यावर मलबा पडतो, शेवटी सगळे सारखे करून वर फरशी बसते आणि कोणाच्याही लक्षात न येता जमीन फूटभर वर आलेली असते. मातीतले पाणी भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि अशी ओल मीटरभर उंचीपर्यंत जाऊ शकते. खालून चढणाऱ्या या ओलीवर नंतर करण्याचे उपाय खर्चिकही आहेत आणि बेभरवशाचेही. म्हणून आज बोळातली जमीन जोत्याच्या माथ्यापासून किती खाली आहे ते मोजावे, जोत्यावर रंगाने रेघ ओढावी, फूटपट्टी लावून फोटो काढावा आणि काम संपताना जमीन त्या रेघेच्या वर जाणार नाही असे शेजाऱ्यांशी ठरवावे. २०२१ च्या जुलैमधला पूर पाहिलेल्या गावात कोणी नवे जोते उंच घेतले तर त्यात गैर काही नाही. मात्र त्यांच्या भरावाची माती त्यांच्या जोत्याच्या भिंतीच्या आतच राहिली पाहिजे, आपल्या भिंतीला ती टेकता कामा नये.

काम झाल्यावर बोळात फरशी किंवा कोबा करावा. त्याचा उतार दोन्ही भिंतींकडून मध्याकडे आणि मध्यावरून रस्त्याच्या गटाराकडे असावा. लांबीच्या दिशेने शंभरास एक, म्हणजे चोवीस फुटांत सुमारे तीन इंच, एवढा उतार पुरतो. परंतु गटाराचे तोंड त्याहून खाली आहे ना, हे आधी पाहावे. तसे नसेल तर सगळी मेहनत व्यर्थ जाते.

दुसरी गोष्ट आपल्या छपराची, आणि तिचा खर्च आपल्यालाच करावा लागेल. चोवीस फूट लांब आणि बारा फूट रुंद पाखे म्हणजे सुमारे २७ चौरस मीटर क्षेत्र. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या हिशेबाने १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी, आणि कोकणात आषाढात असा दिवस काही नवलाईचा नसतो, त्या एका पाख्यावरून २,७०० लिटर पाणी उतरते. आजवर ते मोकळ्या जागेत पडून वाहून जात होते. यापुढे ते दोन भिंतींच्या मधल्या अरुंद पट्ट्यात पडेल आणि त्याचे शिंतोडे दोन्ही भिंतींच्या पायथ्याशी उडत राहतील. म्हणून या बाजूला पन्हळ लावणे आवश्यक आहे. ती पत्र्याची असो की पीव्हीसीची, हात घालून पाने काढता येतील एवढी रुंद असावी, तिला एका टोकाकडे उतार असावा आणि पाणी खाली नेणारा नळ १०० मिलिमीटरपेक्षा लहान नसावा. पन्हळ आपल्या हद्दीच्या बाहेर जाणार नाही, हे ती बसवण्यापूर्वी ओळंबा सोडून तपासावे. त्यावरून पुढे वाद होतात.

शेजाऱ्यांच्या बाजूने पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या स्लॅब टाकला जाण्यापूर्वी ठरल्या पाहिजेत. गच्चीचा उतार आपल्या बाजूला नसावा. कठड्याचा माथा गच्चीच्या आतल्या बाजूला उतरता असावा, म्हणजे त्यावरचे पाणी भिंतीवरून आपल्याकडे ओघळणार नाही. छज्जा काढला जाणार असेल, तर तो त्यांच्याच हद्दीत राहावा आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवलेली असावी. ही खाच नसल्यास पाणी छज्जाच्या पोटाखालून मागे सरकून भिंतीवर येते. पावसाचे नळ, न्हाणीघराचे नळ, टाकीचा ओव्हरफ्लो आणि वातानुकूलन यंत्राचे थेंब थेंब पाणी, यांपैकी काहीही बोळात सोडले जाऊ नये. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते. पण उन्हाळ्यात भिंत वाळण्याच्या दिवसांत नेमके तेच पाणी एका जागी टपकत राहते.

पायाची खोदाई आपल्या भिंतीलगत असल्याने ती सलग न करता टप्प्याटप्प्याने करावी आणि खड्डे पाण्याने भरलेले सोडू नयेत. त्यांचा पाया आपल्या पायापेक्षा खोल जात असेल, तर सुरुवातीलाच स्थापत्य अभियंत्याला दाखवावे. आपल्या पायाखालची माती सैल झाली तर भिंतीला तडे जातात आणि पुढच्या पावसात पाणी त्या तड्यांतून आत येते. बांधकाम चालू असताना भिंतीला थोडी ओल दिसली, तर ती बहुधा नव्या भिंतींवर मारल्या जाणाऱ्या पाण्याची असते. तिच्यावरून लगेच कटुता आणू नये. फोटो काढून तारीख लिहून ठेवावी आणि काम संपल्यावर महिनाभर वाट पाहावी. गिलावा, कठडा आणि गच्चीचा कोबा मात्र मृग लागण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवा. अर्धवट सोडलेल्या बांधकामावरून गेलेला एक पावसाळा पुढच्या कित्येक पावसाळ्यांपेक्षा अधिक नुकसान करतो.

हे सगळे एका कागदावर उतरवावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये शेजाऱ्यांच्या भिंतींसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही, त्यामुळे आपापसांतला लेखी करार हाच भरवशाचा आधार ठरतो. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, आजच्या भिंतीचे फोटो जोडून, पातळीची रेघ, सोडलेले अंतर, पाण्याची दिशा, परांचीची परवानगी, बोळाची सफाई आणि नुकसान झाल्यास दुरुस्तीची जबाबदारी एवढे लिहिले तरी पुरे. पागोळ्यांविषयीही एक वाक्य त्यात असावे. दुसऱ्याच्या जमिनीवर आपल्या छपराचे पाणी सोडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षांचा अखंड, उघड आणि बिनविरोध वापर असेल तर तो सांगता येतो. आपल्या पागोळ्या आपल्याच हद्दीत पडतात, ही गोष्ट दोघांनी आज मान्य केली तर पुढच्या पिढीला या कायद्याच्या वाटेला जावे लागणार नाही.

प्रश्न : आमचे रो हाउस आहे. शेजाऱ्यांनी गेल्या उन्हाळ्यात मागच्या अंगणात एक खोली काढली आणि तिचा स्लॅब आमच्या बाजूच्या भिंतीला चिकटवून टाकला. पावसाळ्यात आमच्या निजायच्या खोलीत, जमिनीपासून नऊ फुटांवर, ओलीचा आडवा पट्टा उमटला आणि त्याखालचे पोपडे निघू लागले. शेजारी म्हणतात की त्यांची खोली पूर्ण कोरडी आहे, म्हणजे दोष आमच्याच भिंतीचा. रंगारी आतून वॉटरप्रूफ रंग देण्यास सांगतो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : शेजारी खरे बोलत आहेत, आणि तरीही पाणी बहुधा त्यांच्या स्लॅबवरूनच येत आहे. जमिनीतून चढणारी ओल खाली अधिक आणि वर कमी होत जाते. ती नऊ फुटांवर आडवा पट्टा काढत नाही. तो पट्टा त्यांच्या स्लॅबच्या पातळीला असेल, तर पाणी स्लॅब आणि आपली भिंत यांच्या जोडातून उतरते आहे असे समजावे. ही दोन वेगवेगळ्या वेळी झालेली, वेगवेगळ्या पायांवर उभी असलेली बांधकामे आहेत. स्लॅब उन्हाने तापून पसरतो आणि रात्री आकसतो, आपली भिंत त्याच्याबरोबर हलत नाही, आणि मधला सिमेंटचा भराव कितीही चांगला केला तरी जोडावर केसासारखी भेग पडतेच. त्या भेगेत शिरलेले पाणी आपल्या विटांत मुरते. त्यांच्या खोलीत ते उतरत नाही, कारण त्यांच्या बाजूला घट्ट काँक्रीट आहे.

तरीही तर्कावर न थांबता चाचणी करावी, आणि ती दोन्ही कुटुंबांच्या समोर करावी. कोरड्या दिवसांत, स्लॅबवर जोडाजवळ मसाल्याचा छोटा बांध घालून दोन इंच पाणी ४८ तास साठवून ठेवावे आणि आत पट्टा गडद होतो का ते पाहावे. पाण्याची पातळी भिंतीच्या गिलाव्यातल्या वरच्या तड्यांपर्यंत जाऊ देऊ नये. काही झाले नाही, तर जागा वाळू द्यावी आणि मग स्लॅबच्या वरच्या भिंतीवर नळीने पाणी मारून पाहावे, तेही खालून सुरू करून हळूहळू वर जावे. एकदम वरून पाणी सोडले तर ते कोठून शिरले हे कळत नाही. आपल्याच गिलाव्याला तडा असण्याची किंवा वरच्या खिडकीच्या कडेतून पाणी येण्याची शंका या चाचणीने मिटते. तसे निघाले, तर शेजाऱ्यांचा दोष नाही हे मान्य करून आपली भिंत दुरुस्त करून घ्यावी.

जोडाची दुरुस्ती बाहेरूनच करावी लागते. जोडावरचा गिलावा फूटभर उंचीपर्यंत काढावा, फट साफ करून तीत फोमची दोरी बसवावी आणि वर ताणला जाणारा सीलंट, पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेनचा, भरावा; सिमेंट पुन्हा भरू नये. नंतर स्लॅबच्या कडेला गोलाकार वाटा, म्हणजे कोपऱ्यात मसाल्याचा गोलसर भराव, घेऊन त्यावरून जाळीसह जलरोधक थर भिंतीवर निदान १५ सेंटिमीटर चढवावा. त्या थराची वरची कड भिंतीत मारलेल्या इंचभर खोल खाचेत घालून बंद करणे हा या कामाचा प्राण आहे. थर भिंतीवर नुसता चिकटवून सोडला, तर दुसऱ्या वर्षी त्याची कड सुटते आणि मागून पाणी उतरू लागते. स्लॅबला आपल्या भिंतीपासून दूर जाणारा, शंभरास एक इतका, उतार नसेल तर कोबा करून तो द्यावा. सारा जोड त्यांच्या जागेत आहे आणि खाच आपल्या भिंतीत मारायची आहे, म्हणजे एकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याचे काम होत नाही. न्यायाने हा खर्च स्लॅब टाकणाऱ्याने सोसायचा. पण माझ्या मते निम्मा खर्च देऊ करून काम येत्या उन्हाळ्यात आपल्या देखरेखीखाली करून घेणे शहाणपणाचे आहे, कारण भिजणारी भिंत आपली आहे.

आतल्या रंगाची घाई करू नये. रंगाऱ्याकडे रंग हाच उपाय असतो, त्यात त्याचा दोष नाही. पण पाणी बाहेरून येत असताना आतला थर ते भिंतीतच कोंडतो. मग ओल बाजूला किंवा खाली सरकते, क्षार गिलाव्यामागे साठून त्यालाच ढकलतात आणि महागडा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. बाहेरची दुरुस्ती झाल्यावर ओला गिलावा पट्ट्याच्या वरखाली फूटभर जास्त काढावा, विटांवर आलेला पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडावा, तो पाण्याने धुऊ नये, कारण तो पुन्हा आत मुरतो. नऊ इंची भिंतीला वाळण्यासाठी एक पूर्ण उन्हाळा द्यावा आणि मगच गिलावा व साधा, श्वास घेणारा रंग करावा.

स्लॅब नुसता चिकटवलेला आहे की आपल्या भिंतीत खाच मारून त्यावर टेकवला आहे, हेही एकदा पाहून घ्यावे. टेकवलेला असेल, तर प्रश्न ओलीपुरता राहत नाही. त्यांच्या छताचे वजन आपल्या भिंतीवर आलेले आहे. अशा वेळी संरचना अभियंत्याचा लेखी अहवाल घ्यावा, आणि बांधकामाला परवानगी होती का याची चौकशी नगरपरिषदेत करावी. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली विनापरवाना बांधकामाविरुद्ध नोटीस काढण्याचा अधिकार तिला आहे.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टर येथे जोडघरात राहतो. शेजाऱ्यांनी मागच्या बाजूला हद्दीवर एक मजली बांधकाम करण्याची नोटीस दिली आहे आणि सही करून परत देण्यास सांगितले आहे. येथे ओल हा मोठा विषय असल्याने सही करण्यास मन धजत नाही.
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : वर उल्लेख केलेला १९९६ चा पार्टी वॉल कायदा तो हाच. हद्दीवर नवी भिंत बांधणे किंवा आपल्या घरापासून तीन मीटरच्या आत आपल्या पायापेक्षा खोल खणणे यासाठी एक महिना आधी, आणि सामाईक भिंतीवर काम करण्यासाठी दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. खोदाईच्या किंवा सामाईक भिंतीच्या नोटिशीला १४ दिवसांत लेखी होकार दिला नाही, तर मतभेद असल्याचे धरले जाते आणि सर्व्हेअर नेमला जातो. त्याचा खर्च सर्वसाधारणपणे बांधकाम करणारा देतो. म्हणून होकार न देणे म्हणजे भांडण काढणे असे तेथे मानण्याचे कारण नाही. होकार द्यायचा असला तरी आपल्या भिंतींच्या सद्यस्थितीची फोटोंसह नोंद आधी करून घ्यावी, आणि ती बांधकामालगतच्या खोल्यांची विशेष बारकाईने करावी.

ओलीच्या दृष्टीने तेथील घरांत तीन जागा पाहाव्यात. जुन्या घरांत लाकडी जमिनीखाली वारा खेळण्यासाठी भिंतीच्या पायथ्याशी जाळीच्या विटा असतात. नव्या भिंतीने किंवा उंचावलेल्या अंगणाने त्या झाकल्या गेल्या तर जमिनीखालची लाकडे कुजू लागतात. बाहेरची फरशी ओलरोधक थरापासून १५० मिलिमीटर खाली राहिली पाहिजे. आणि भिंत दुपदरी असेल, तर नव्या छताच्या वरच्या बाजूला पोकळीत पाणी बाहेर वळवणारी पट्टी, जिला तेथे कॅव्हिटी ट्रे म्हणतात, बसवली जाणार आहे का, हे नकाशात पाहावे. ती नसेल तर पूर्वी बाहेर असलेल्या पदरातून उतरणारे पाणी छताखाली, म्हणजे आता घराच्या आत, येते. त्यांची पन्हळ हद्दीवरून आपल्या बाजूला येणार नाही, हेही लेखी घ्यावे.

प्रश्न : वाई येथील आमच्या वडिलोपार्जित वाड्याची वाटणी झाली असून मधली भिंत विटा-मातीची आहे. चुलत बंधू त्यांच्या भागात, त्या भिंतीला लागून, संडास-न्हाणीघर वाढवत आहेत. ते आमच्यापेक्षा वडील असल्याने फार बोलताही येत नाही.
— एक वाचक, वाई

उत्तर : हरकत घेतल्यासारखे न बोलता वाड्याच्या काळजीने बोलावे, कारण ही भिंत दोघांचीही आहे. मातीत बांधलेली वीट पाण्याला मुळीच तोंड देऊ शकत नाही. सांध्यातली माती ओली झाली की भिंतीचा भार सोसण्याचा जोरच कमी होतो. तेव्हा नळ, शॉवर आणि अंघोळीची जागा या भिंतीला न लावता समोरच्या बाजूला घ्यावी, एकही नळ जुन्या भिंतीत गाडू नये, आणि या बाजूला स्वतःच्या पायावर उभी असलेली चार इंची वेगळी भिंत घेऊन फरशा तिच्यावर लावाव्यात, अशी त्यांना विनंती करावी. मालमत्ता पत्रक आणि वाटणीपत्र यांत मधल्या भिंतीविषयी काय लिहिले आहे, ते एकदा दोघांनी मिळून वाचलेले बरे.

फरशा बसवण्यापूर्वी जलरोधक थर झाल्यावर न्हाणीघराचे तोंड बंद करून त्यात दोन इंच पाणी ४८ तास ठेवण्यास सांगावे. सुरुवातीला पाण्याच्या पातळीवर भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. पाणी खुणेच्या बरेच खाली गेले किंवा आपल्या बाजूला भिंत हाताला गार लागली, तर थर पुन्हा करून घ्यावा. त्याची मजुरी फरशा उखडून काढण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही. पुढे कधी भिंतीवर ओल दिसली, तर ती चैत्र-वैशाखातही तशीच राहते का ते पाहावे. भर उन्हाळ्यात टिकणारी ओल पावसाची नसून नळाची किंवा सांडपाण्याची असते आणि ती सापडेपर्यंत त्या भिंतीला आतून-बाहेरून काहीही लावू नये.